पॅट्रिक ओ'कॉनेल : पेनल्टी चुकवणारा बचावपटू, बेटिसला विजेता करणारा 'मिस्टर'

प्रश्न दोन आले आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाभोवतीचे. पहिला असा : "पॅट्रिक ओ'कॉनेल नावाच्या आयरिश प्रशिक्षकाने बार्सिलोना क्लब वाचवला असं वाचलं. हे कितपत खरं?" दुसराही त्याच विचारणाऱ्याचा : "खेळाडू म्हणून त्याच्या नावावर फारसं काही दिसत नाही, उलट एका ठरवून खेळलेल्या सामन्यात पेनल्टी बाहेर मारल्याचा डाग आहे. असा माणूस एवढा मोठा प्रशिक्षक कसा झाला?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. बार्सिलोना वाचवल्याची गोष्ट बरीचशी खरी आहे, पण ती एकट्या त्याची नाही. शिवाय प्रशिक्षक म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम बार्सिलोनाचं नव्हेच. ते आहे सेव्हियातल्या बेटिस क्लबचं. मी स्वतः सेंटर बॅक म्हणून खेळलो आणि पंचवीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, तेव्हा माझं माप बचावपटूचं आहे, हे आधीच कबूल करतो.

ओ'कॉनेलचा जन्म 1887 चा. डब्लिनमध्ये वाढला, तिथल्या बोलंड्सच्या पिठाच्या गिरणीत काम केलं. बेलफास्ट सेल्टिककडून खेळत असताना इंग्लंडमधल्या शेफिल्ड वेन्सडेने त्याला 1909 मध्ये उचललं. तिथून हल सिटी, मग मँचेस्टर युनायटेड. जागा हाफबॅकची. त्या काळी पुढे पाच, मधे तीन आणि मागे दोन अशी मांडणी असे. मधल्या तिघांना बचावही करावा लागे आणि पुढच्यांना चेंडूही पुरवावा लागे. सगळं मैदान डोळ्यांसमोर असलेली ही जागा. प्रशिक्षक बहुधा याच जागेवरून घडतात असं माझं मत आहे. गोल मारणाऱ्याला फक्त गोलपोस्ट दिसते, हाफबॅकला दहा जणांच्या चुका दिसतात.

"नावावर फारसं काही नाही" हे मात्र मला मान्य नाही. 1914 साल घ्या. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांची दरवर्षी स्पर्धा होई, आणि आयर्लंडला ती एकट्याने कधीच जिंकता आली नव्हती. त्या वर्षी त्यांनी वेल्सला रेक्सममध्ये 2-1 हरवलं. मग मिडल्सब्रोला जाऊन इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर 3-0 असं लोळवलं. शेवटचा सामना बेलफास्टला स्कॉटलंडशी. त्यात ओ'कॉनेलचा हात मोडला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, बाहेर गेलं की संघ एकाने कमी. तो मोडक्या हाताने खेळत राहिला, सामना 1-1 असा सुटला आणि स्पर्धा आयर्लंडची झाली. त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी 1,000 पौंड मोजले आणि पुढे कर्णधारही केलं.

आता तो डाग. 2 एप्रिल 1915, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेड खालच्या विभागात घसरायच्या बेतात होता. युद्ध सुरू झालेलं, हंगाम संपला की लीग बंद पडणार आणि पगारही बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. युनायटेड 2-0 जिंकला आणि दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. या नेमक्या 2-0 वर सात-एकच्या भावाने भरपूर पैसे लागले होते. चौकशी झाली आणि दोन्ही संघांचे मिळून सात खेळाडू आजन्म बंदीत गेले. युनायटेडचे टर्नबुल, व्हॉली आणि वेस्ट, बाकीचे चार लिव्हरपूलचे. युनायटेड एका गुणाने वाचला. पेनल्टी मिळाली तेव्हा युनायटेड एका गोलने पुढे होता. ती घेतली ओ'कॉनेलने, आणि चेंडू पोस्टपासून बराच लांबून गेला.

बंदी घातलेल्या सातांत त्याचं नाव नाही. लोक आजही त्याला दोषी धरतात ते त्या एका फटक्यावरून. मी मैदानाच्या कडेला उभं राहून इतक्या पेनल्ट्या बाहेर जाताना बघितल्या आहेत की नुसत्या फटक्यावरून कुणाला चोर म्हणणार नाही. पण एक गोष्ट विसरू नका : लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका आडव्या दांड्याला लागला, तेव्हा त्याचेच सहकारी त्याच्यावर भडकले. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये काय शिजतंय याची कुजबुज बऱ्याच जणांच्या कानावर असणार. मैदानावरचा कर्णधार त्यातून पूर्ण अलिप्त होता, असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

युद्धात त्याची खेळाची सगळ्यात चांगली वर्षं गेली. नंतर स्कॉटलंडमधलं डम्बार्टन आणि मग उत्तर इंग्लंडमधलं अ‍ॅशिंग्टन. कोळसा खाणींचं गाव, त्याचा छोटा क्लब, आणि तिथे ओ'कॉनेल खेळाडू-व्यवस्थापक. 1921 मध्ये हा क्लब फुटबॉल लीगच्या तिसऱ्या विभागात आला. (जाता जाता : याच गावात जन्मलेला जॅक चार्लटन पुढे 1986 मध्ये आयर्लंडचा प्रशिक्षक झाला. आयरिश माणसाने अ‍ॅशिंग्टनला शिकवलं, अ‍ॅशिंग्टनच्या माणसाने आयर्लंडला. हिशोब फिटला.) खेळाडू-व्यवस्थापक हे काम वरून मानाचं वाटतं, पण असतं सगळी हमाली. कुणाला बसवायचं, कुणाला पगार उशिरा देतोय हे सांगायचं, आणि मग त्याच लोकांबरोबर चिखलात उतरायचं. प्रशिक्षकाचं खरं शिक्षण अशा ठिकाणी होतं.

1922 मध्ये तो सगळं सोडून स्पेनला गेला. सगळं म्हणजे बायको आणि चार मुलंसुद्धा, त्याकडे शेवटी येतो. उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेरला रेसिंग नावाचा क्लब आहे. त्याच्या आधी तिथे फ्रेड पेंटलंड हा इंग्रज शिकवून गेला होता, तो पुढे बिल्बाओला जाऊन गाजला. स्पेनमध्ये प्रशिक्षकाला आजही 'मिस्टर' म्हणतात, ते या ब्रिटिश बेटांवरून आलेल्या मंडळींमुळेच. ओ'कॉनेलचा झाला 'डॉन पात्रिसियो', म्हणजे पॅट्रिकराव.

दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला सांतांदेरमध्ये दिसतं. पस्तिशीचा माणूस, स्पॅनिश येत नाही, पुढ्यात गावातली पोरं. अशा वेळी काय शिकवता येतं? मी एकदा मणिपूरच्या मुलांचं शिबिर घेतलं होतं. मैतेई भाषेचा एक शब्द मला येत नव्हता आणि त्यांना मराठी-हिंदी नाही. पहिले दोन दिवस मी बोलत राहिलो, सगळं पाण्यात. तिसऱ्या दिवशी तोंड बंद केलं आणि स्वतः जागेवर उभा राहिलो : चेंडू इकडे आला की मी इथे, तू तिथे. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. भाषा नसली की कसब दाखवायची गोष्ट मागे पडते आणि जागा, अंतर, दमछाक आणि सराव एवढंच हातात राहतं. आणि बचाव नेमका याच चार गोष्टींनी बनतो.

त्यात भर पडली 1925 च्या नियमबदलाची. तोपर्यंत पुढच्या खेळाडूला ऑफसाइड ठरायचं नसेल तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण लागत, ते आता दोन झाले. आधी मागच्या दोघांपैकी एक जण पुढे सरकून सापळा लावे, चुकला तर दुसरा सावरून घ्यायला असे. आता चुकलं की थेट गोलरक्षकच. जगभर गोलांचा पाऊस पडला आणि ज्याला मागची फळी नव्याने बांधता आली त्या प्रशिक्षकाचं नाणं चाललं. ओ'कॉनेल त्या वेळी रेसिंगमध्ये रोज मैदानावर उभा होता.

रेसिंगला त्याने 7 वर्षं दिली. प्रादेशिक विजेतेपदं आली, आणि 1929 मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा पात्रता फेरी जिंकून रेसिंग लीगच्या सुरुवातीच्या दहा क्लबांत बसला. पहिल्या हंगामात तळाला राहिला खरा, पण प्ले-ऑफमध्ये, म्हणजे जागा ठरवणाऱ्या जादा सामन्यांत, सेव्हिया क्लबला हरवून जागा टिकवली. नंतर दोन वर्षं ओव्हिएदो, आणि मग दक्षिणेत, अंदालुसियात, बेटिस.

आता जरा थांबतो, कारण मला जे सांगायचं आहे ते इथे आहे.

बेटिस 1932 मध्ये पहिल्या विभागात आला. तिथवर पोहोचलेला अंदालुसियातला हा पहिला क्लब. तीनच वर्षांनी, 1934-35 च्या हंगामात, तो स्पेनचा विजेता होता. त्याआधी ही लीग फक्त तीन क्लबांनी जिंकली होती : बार्सिलोना, बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक आणि माद्रिद. बेटिसकडे त्यांच्यासारखा पैसा नव्हता, तेवढा लौकिकही नव्हता. गुणतक्ता बघा : 22 सामने, 15 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव, 34 गुण. दुसऱ्या क्रमांकावर माद्रिद, 33. केलेले गोल 43, आणि खाल्लेले गोल फक्त 19. माझी नजर त्या 19 वर खिळते. मागे दोनच जण ठेवून खेळायच्या काळात, ऑफसाइडचा नियम आक्रमणाला मोकळं रान देत असताना, सामन्याला एकापेक्षाही कमी गोल!

हे कसं जमलं? एक म्हणजे खेळाडूंची निवड. आधीची नऊ वर्षं उत्तरेत काढल्यामुळे तिकडच्या बास्क प्रांतातल्या खेळाडूंचा कणखरपणा त्याला चांगला ठाऊक होता आणि त्या संघात ते भरपूर होते : गोलरक्षक उर्कियागा, मागे अरेसो आणि आएदो, पुढे लेकुए आणि उनामुनो. यातली अरेसो-आएदो जोडी स्पेनच्या राष्ट्रीय संघातही मागे उभी राहिली. क्लबमध्ये रोज शेजारी खेळणारे दोघे राष्ट्रीय संघातही तसेच शेजारी घेतले जातात, तेव्हा समजायचं की त्यांच्या मधलं अंतर कुणीतरी घासून घासून बसवलंय. दुसरी गोष्ट दमाची. सेव्हियाच्या उन्हात 90 मिनिटं रचना न मोडता धावायचं, तर नुसती जिगर पुरत नाही, वर्षभराची मेहनत लागते.

शेवटचा दिवस 28 एप्रिल 1935. बेटिस एका गुणाने पुढे आणि सामना, योगायोग असा, सांतांदेरला : रेसिंगशी, ओ'कॉनेलच्या जुन्या क्लबशी. इथे एक गोष्ट सांगितली जाते. आदल्या रात्री तो रेसिंगच्या खेळाडूंना भेटला. त्यातले काही त्याच्याच हाताखाली घडलेले. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, हंगाम संपला आहे, तुम्हाला मिळवायचं काही नाही, उद्या फार दमू नका. त्यावर पोरं म्हणाली, मिस्टर, आमचे अध्यक्ष माद्रिदचे चाहते आहेत, उद्या जिंकलो तर प्रत्येकाला 1,000 पेसेता देणार आहेत. आणि दुसऱ्या दिवशी बेटिस 5-0 जिंकला.

गोष्ट पदरची मीठमिरची लावून आली असेल. पण खरी धरली तर 1915 ची पेनल्टी आठवल्याशिवाय राहत नाही. मला स्वतःला ती विनवणी फारशी खटकत नाही, कारण तिचा उपयोग काही झालेला नाही. हजार पेसेतांच्या आशेने उतरलेल्या संघाला पाच गोल घालायला रात्रीच्या गप्पा पुरत नाहीत. 21 सामन्यांत ज्या संघाची घडी बसली होती, तोच 22 व्या सामन्यात जिंकला. तुमच्या प्रश्नातला डाग आणि मोठेपण यांचा माझ्यापुरता निवाडा हा असा आहे.

बेटिसने लीग जिंकली ती तेवढी एकदाच. आजतागायत दुसरी नाही. पैशांअभावी तो संघ लगेच फुटला : लेकुए माद्रिदला गेला, अरेसो बार्सिलोनाला आणि प्रशिक्षकही बार्सिलोनाला.

आता पहिला प्रश्न. बार्सिलोनात त्याचा पहिला हंगाम ठीक गेला. कॅटलन, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांताचं, विजेतेपद मिळालं आणि 21 जून 1936 ला स्पेनच्या चषकाची अंतिम फेरी माद्रिदशी, व्हॅलेन्सियात. माद्रिद 2-1 जिंकला. शेवटच्या मिनिटांत बार्सिलोनाच्या एस्कोलाचा फटका धुळीच्या लोटातून माद्रिदचा गोलरक्षक सामोराने अडवला, तो स्पॅनिश फुटबॉलच्या दंतकथांतला एक. महिन्याच्या आत यादवी युद्ध पेटलं. 6 ऑगस्टला क्लबचे अध्यक्ष झुझेप सुन्योल यांना बंडखोर सेनापती फ्रँकोच्या सैनिकांनी माद्रिदजवळच्या डोंगरांत गोळ्या घातल्या. ओ'कॉनेल त्या वेळी सुट्टीवर आयर्लंडमध्ये होता. नाही आलास तरी समजून घेऊ, असं क्लबकडून कळवलं गेलं होतं. तो परत आला, तेही कमी पगारावर.

क्लब तेव्हा त्याच्या कर्मचाऱ्यांनीच ताब्यात घेऊन चालवला होता. सामने बंद, तिजोरी रिकामी, सभासद युद्धाच्या आघाडीवर. 1937 मध्ये मानुएल मास सेरानो या मेक्सिकोतल्या उद्योजकाने दौऱ्याचा प्रस्ताव आणला : 15,000 डॉलर आणि प्रवासखर्च वेगळा. ओ'कॉनेल, क्लबचे सचिव रोसेंद काल्वेत, मालिशवाले आंजेल मूर, एक डॉक्टर आणि खेळाडू एवढी मंडळी फ्रान्समार्गे बोटीने मेक्सिकोला गेली. तिथे सामने खेळून पुढे न्यूयॉर्कला. दौरा सप्टेंबरपर्यंत लांबला, कारण परतायची घाई कुणाला असणार?

बहुतेक खेळाडू परत आलेच नाहीत. काही मेक्सिकोत राहिले, काही फ्रान्समध्ये उतरून सेत क्लबकडून खेळू लागले. बार्सिलोनाला परतले जेमतेम चौघे खेळाडू आणि ओ'कॉनेल, काल्वेत, मूर, डॉक्टर. मेक्सिकोत राहिलेल्यांपैकी व्हेंतोल्राने तिथले राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या भाचीशी लग्न केलं, आणि त्याचा मुलगा 1970 च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून खेळला. बाप 1934 मध्ये स्पेनकडून खेळलेला.

एका प्रशिक्षकाचा संघ त्याच्या डोळ्यांदेखत विरघळला आणि त्याने कुणाला अडवलं नाही. संघ सुटताना पाहणं म्हणजे काय ते या धंद्यातल्या माणसाला विचारा. गावातली चांगली पोरं मोठ्या क्लबने नेली तरी आठवडाभर झोप लागत नाही.

आणि पैसे? ते काल्वेतने पॅरिसच्या बँकेत ठेवले, म्हणजे युद्धात कुणाच्या हाती लागणार नाहीत. त्या रकमेवर क्लबची देणी फिटली आणि युद्ध संपल्यावर उभं राहायला आधार मिळाला. म्हणून म्हणतो, क्लब वाचवला तो दौऱ्याने. पैसे सांभाळण्याची अक्कल काल्वेतची, प्रस्ताव मेक्सिकोच्या माणसाचा. ओ'कॉनेलचं श्रेय एवढं की तो परत आला, तोही दोनदा : एकदा आयर्लंडहून आणि एकदा न्यूयॉर्कहून. 16 मार्च 1938 ला बॉम्ब पडून क्लबची कचेरी उद्ध्वस्त झाली, तरी तो 1940 पर्यंत तिथेच होता. 'बार्सिलोनाचा तारणहार' हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यात काल्वेत आणि मूर झाकले जातात.

पुढचं भराभर सांगतो. 1940 ला पुन्हा बेटिस, 1942 ला संघ वरच्या विभागात. मग गल्ली ओलांडून कट्टर प्रतिस्पर्धी सेव्हियाकडे, आणि 1942-43 मध्ये सेव्हिया लीगमध्ये दुसरा. शेवटी 1947 ते 49 परत सांतांदेर. ज्या क्लबने त्याला मिस्टर केलं, तिथेच शेवट.

राहिलं घर. इंग्लंडमधल्या बायकोला आणि मुलांना तो अधूनमधून पैसे पाठवायचा, पत्ता मात्र नाही. पहिलं लग्न कायम असताना सेव्हियात दुसऱ्या एका आयरिश बाईशी लग्न केलं. पन्नाशीच्या दशकात त्याचा एक मुलगा बापाला शोधत स्पेनला पोहोचला, तेव्हा ओ'कॉनेलने लोकांना त्याची ओळख पुतण्या म्हणून करून दिली. जी पोरं त्याच्याकडे सात-सात वर्षं शिकली, त्यांच्यासाठी तो मिस्टर होता. स्वतःच्या पोराला चार लोकांत बाप म्हणायचीही मुभा नव्हती. या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. हे प्रश्नात विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं.

अखेरची वर्षं लंडनमध्ये, हातात पैसा नाही. 27 फेब्रुवारी 1959 ला किंग्ज क्रॉसच्या आसपास तो गेला, आणि केन्सल ग्रीनच्या सेंट मेरीज दफनभूमीत नावाच्या दगडाशिवाय पुरला गेला. चाहत्यांनी वर्गणी काढून दगड बसवला तो खूप नंतर. तो गेला त्या हंगामात बेटिस पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्या विभागात खेळत होता.